सुनावणीनंतरचे चौदा महिने: एका मसाल्याच्या नावाचे प्रकरण

हे प्रकरण वकील म्हणून माझ्याकडे आलेल्या एका ट्रेडमार्क अर्जाचे, म्हणजे ब्रँडच्या नावाच्या सरकारी नोंदणीचे आहे. संबंधित बाईंची परवानगी घेऊनच लिहितो आहे. गाव, माणसे आणि ब्रँडचे नाव बदलले आहे. खरे नाव ज्या धाटणीचे होते त्याच धाटणीचे ‘उखळमाय’ हे नाव इथे वापरले आहे, कारण नावाची घडण कळल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ताईंचा कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. सुरुवात घरच्या डंकापासून झाली. आसपासच्या बायका मिरच्या कांडपाला आणायच्या, त्यातल्याच काही म्हणाल्या, तुमच्या हातचाच करून द्या. पुढे उद्यम नोंदणी झाली, अन्न परवाना आला, छापील पाऊच आले. सून बिले बघते, मुलगा पुण्याच्या दुकानांत माल पोचवतो. मसाल्यासोबत लसणाची चटणी, लोणचे आणि थोडी भाजणी.

तालुक्याच्या बाजारात तसल्याच लाल पाऊचमध्ये, तसल्याच उखळाच्या चित्रासह दुसऱ्या कुणाचा मसाला दिसू लागला, तेव्हा ताईंनी ट्रेडमार्कचा अर्ज केला. तो एका ऑनलाइन सेवेमार्फत भरला होता. लघुउद्योग म्हणून ९,००० ऐवजी ४,५०० रुपये फी लागली. मालाचा वर्ग ३०, ज्यात मसाले, चहा, पीठ असे पदार्थ येतात. अर्ज तपासून रजिस्ट्री (ट्रेडमार्क नोंदणी कार्यालय) जो परीक्षण अहवाल देते, त्यात दोन हरकती आल्या. एक ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची: ‘उखळ’ हा शब्द माल कसा तयार होतो ते सांगणारा आहे. दुसरी कलम ११ ची: आधीच्या तीन चिन्हांशी साम्य. अहवालाला महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. सेवेने ते वेळेत दिले, पण दोन पानी ठोकळेबाज मजकूर होता. ताईंच्या मसाल्याचा त्यात उल्लेखही नव्हता. अर्ज सुनावणीला लागला आणि नोटीस घेऊन ताई माझ्याकडे आल्या.

अडचण

सुनावणीला बारा दिवस होते. टीएम-४८ या वकील नेमण्याच्या अर्जावर सही घेऊन मी वकील म्हणून नोंद करवून घेतली आणि कागद चाळायला बसलो.

पहिल्या संध्याकाळीच कलम ११ चे ओझे बरेच हलके झाले. तीनपैकी एका चिन्हाचा अर्ज केव्हाच सोडून दिलेला होता. दुसरे नूतनीकरण न झाल्याने नोंदवहीतून काढलेले होते. असे काढलेले चिन्हही कलम २६ प्रमाणे पुढे एक वर्ष नव्या अर्जाच्या आड येऊ शकते, म्हणून तारीख पाहिली. वर्ष उलटून गेले होते. उरले तिसरे. परराज्यातल्या एका पिठाच्या कंपनीचे, ‘उखळ’ हा शब्द पोटात असलेले, गव्हाचे पीठ, रवा आणि बेसनासाठी नोंदलेले, चालू.

खरी गोची मालाच्या यादीत होती. अर्ज भरणाऱ्याने वर्ग ३० चे शीर्षकच उचलून टाकले होते. चहा, कॉफी, कोको, तांदूळ, साबुदाणा, पीठ आणि धान्यापासूनचे पदार्थ, पाव, मिठाई, मीठ, मसाले, सगळे. ताईंनी उभ्या आयुष्यात कोको विकला नव्हता. पण त्या यादीतल्या ‘पीठ’ या एका शब्दाने त्यांना पिठाच्या कंपनीसमोर नेऊन उभे केले होते.

दुसरी अडचण पुराव्याची. अर्जात चार वर्षांपूर्वीपासूनच्या वापराचा दावा होता, पण जुन्या बिलांवर फक्त ‘मसाला ५०० ग्रॅम’ असे होते. ब्रँडचे नावच नाही. ताईंकडच्या पिशवीत दोन तास शोधल्यावर पाऊच छापणाऱ्याचे बिल सापडले. पाऊचच्या छपाईला रंगागणिक वेगळे सिलिंडर कोरावे लागतात आणि त्याचे पैसे सुरुवातीलाच द्यावे लागतात. त्या बिलावर लिहिले होते, ‘उखळमाय ५०० ग्रॅम, ५ सिलिंडर’. खाली तारीख, दाव्यातल्या तारखेच्या पुढच्याच महिन्यातली. बिलाला हळदीचा डाग होता. त्या एका कागदाने जे सिद्ध झाले ते शंभर बिलांनी झाले नसते.

सुनावणी

मुंबईच्या रजिस्ट्रीचे कार्यालय ॲन्टॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे अर्ज तिकडेच जातात. सुनावणी मात्र आता व्हिडिओवर होते. ताई माझ्या कार्यालयात खुर्ची ओढून शेजारी बसल्या, हातात वही. आमचा क्रमांक आला आणि सात-आठ मिनिटांत संपलाही.

कलम ९ वर मी सांगितले की उखळ ही वस्तू आहे, ‘उखळमाय’ हा शब्द कुठल्या कोशात सापडत नाही. मराठी माणसाला तो ऐकून कुणा आईची, देवीची प्रतिमा दिसेल. मसाला कसा केला ते हा शब्द थेट सांगत नाही. शिवाय उखळ पांढरे होणे म्हणजे भरभराट होणे, म्हणजे मुळात उखळालाही मराठीत वस्तूपलीकडचे अर्थ आहेत. अधिकाऱ्यांनी हे ऐकून घेतले. कलम ११ वर दोन मेलेल्या चिन्हांची स्थिती दाखवली. तिसऱ्यावर ते थांबले आणि म्हणाले, पीठ आणि धान्याचे पदार्थ तुमच्या यादीत आहेत तोवर मला हे सोडता येणार नाही. यादी मर्यादित करणार असाल तर दुरुस्ती अर्ज, वापराचे शपथपत्र आणि लेखी म्हणणे दाखल करा.

पडदा बंद झाल्यावर ताईंनी विचारले, “मिळाला का वकीलसाहेब?”

बहुतेकांना हाच प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर नाही असेच असते. सुनावणीत काही मिळत नाही. आदेश मागाहून संकेतस्थळावर चढतो. तोपर्यंत स्थितीच्या रकान्यात जुनीच ओळ दिसत राहते.

समोरचे पर्याय

त्या दुपारी आम्ही चार वाटा मांडल्या.

यादी आहे तशी ठेवून भांडायचे. अर्ज फेटाळला गेला तर नियम ३६ खाली तीस दिवसांत कारणे लेखी मागता येतात, महिन्याभरात पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, नाहीतर कलम ९१ खाली तीन महिन्यांत अपील. पूर्वी ते अपील बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जायचे. २०२१ मध्ये ते मंडळ बरखास्त झाले, तेव्हापासून थेट उच्च न्यायालय. मसाल्याच्या एका डंकावर उभ्या असलेल्या घराला हा खर्च झेपणारा नव्हता आणि आमची बाजूही पिठापुरती लंगडी होती.

पिठाच्या कंपनीच्या नोंदणीवरच हल्ला करायचा. नोंदणीनंतर सलग पाच वर्षे आणि वर तीन महिने वापरच नसेल तर कलम ४७ खाली चिन्ह काढून टाकायला सांगता येते. पण त्यांचे पीठ दुकानांत दिसत होते. ही वाट तिथेच मिटली.

नाव बदलून नवा अर्ज. त्यात जुनी अर्जाची तारीख जाते. नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून ही तारीख सोडणे म्हणजे नक्कल करणाऱ्याला दोन पावले पुढे जाऊ देणे.

आणि चौथी, यादी छाटायची. मसाले, कांदा-लसूण मसाला, चटण्या एवढेच ठेवायचे.

चौथी वाट उघड दिसत होती. पण ताई गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “मसाला मी इथे येऊन शिकले. भाजणी सासूबाईंची आहे. ती या नावाखाली विकायची नाही असं लिहून द्यायचं का?”

मी त्यांना समजावले ते असे: एकदा काढलेला माल पुन्हा त्याच अर्जात घालता येत नाही, दुरुस्तीने यादी आखूड होते, लांब होत नाही. भाजणी हवी तर पुढे वेगळा अर्ज करू. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि मान हलवली. हा निर्णय मी घाईने त्यांच्याकडून घेतला. त्याकडे शेवटी परत येतो.

काय केले

नवव्या दिवशी सगळे दाखल झाले. यादीच्या दुरुस्तीसाठी टीएम-एम हा अर्ज, सिलिंडरचे बिल आणि नंतरची नावासह बिले जोडून वापराचे शपथपत्र, पाच पानी लेखी म्हणणे. शपथपत्रात ‘वापर’ हा शब्द जपून लिहिला. सिलिंडरच्या बिलाने पाऊच कधी छापले ते कळते, विकले कधी ते कळत नाही. म्हणून पहिल्या विक्रीसाठी सुनेने पुण्यातल्या एका दुकानदाराकडून जुनी पोचपावती मिळवली.

सहा आठवड्यांनी स्थिती बदलली. अर्ज ‘स्वीकृतीपूर्वी जाहिरात’ या सदरात गेला. कलम २० चे परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) निबंधकांना, म्हणजे रजिस्ट्रीच्या प्रमुखांना, ही मुभा देते की कलम ९ किंवा ११ चा प्रश्न असेल तर आधी जाहिरात करावी, लोकांचे म्हणणे ऐकावे. अर्जदाराला हे यशच वाटते आणि ते खोटेही नाही. फक्त ‘स्वीकृती’ अजून झालेली नसते. ऑक्टोबरातल्या एका सोमवारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे रजिस्ट्रीच्या साप्ताहिक प्रकाशनात, ‘उखळमाय’ छापून आले. ताईंनी त्या पानाची प्रत लॅमिनेट करून डंकाशेजारी लावली.

जाहिरातीपासून चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो. ही मुदत वाढत नाही. मी फेब्रुवारीतली तारीख दिनदर्शिकेत टाकली. त्या दिवशी स्थिती पाहिली, विरोधाची खूण नव्हती. आता प्रमाणपत्राची वाट बघायची, असे मी मुलाला कळवले.

विरोध

एप्रिलमध्ये ताईंचा फोन आला. मसाल्याचा हंगाम ऐन भरात होता. अंगणात बेडगी आणि संकेश्वरीचे ढीग वाळत पडलेले, मागून डंकाची धडधड ऐकू येत होती. “नवे सिलिंडर काढायचेत. तो गोलातला आर आता छापू का?”

वर्तुळातला आर नोंदणी झाल्याशिवाय छापता येत नाही. नोंदणी नसताना ती आहे असे भासवणे कलम १०७ खाली दंडाला पात्र आहे. तोवर टीएम छापायला हरकत नसते. खात्री करावी म्हणून मी संकेतस्थळ उघडले आणि स्थिती पाहिली. ‘विरोधित’.

पिठाच्या कंपनीने मुदत संपायला चार दिवस असताना विरोध दाखल केला होता. मी पाहिले त्या दिवशी तो रकान्यात चढलेला नव्हता. मार्चमध्ये रजिस्ट्रीने विरोधाची प्रत ई-मेलने पाठवली होती, ती पहिल्या ऑनलाइन सेवेच्या पत्त्यावर. वकील बदलल्याची नोंद आम्ही केली होती, पण पत्रव्यवहाराचा ई-मेल अर्जावर तोच राहिला होता. सेवेने ती मेल पुढे धाडली नव्हती.

प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, द्यावे लागते. नाही दिले तर अर्ज सोडून दिला असे कायदा मानतो. कलम २१(२) मध्ये माफीची जागा नाही. चौतीस दिवस गेले होते.

‘मिळणे’ म्हणजे काय यावर वाद घालता आला असता. मेल आमच्या हाती आलीच नव्हती. पण हा वाद हक्क गमावल्यावर घालायचा असतो. हक्क हातात असताना मेलच्या तारखेपासूनच दिवस मोजायचे, हे मी तिथल्या तिथे ठरवले. पुढच्या अकरा दिवसांत प्रतिनिवेदन टीएम-ओ या अर्जावर, २,७०० रुपये फी भरून दाखल केले. त्याच दिवशी दुसरा टीएम-एम भरून ई-मेल बदलून घेतला, आणि ताईंच्या मुलाचा पत्ताही सोबत दिला.

मजकुरात आमची बाजू आता भक्कम होती, कारण पीठ यादीत नव्हतेच. कंपनीचे म्हणणे असे होते की मसाला आणि पीठ एकाच फळीवर, एकाच दुकानात विकले जाते, गिऱ्हाईक एकच. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावच्या किराणा दुकानात खरेच तसे असते.

तडजोड

पुढचा रस्ता दिसत होता. त्यांनी दोन महिन्यांत पुरावा द्यायचा, मग आम्ही दोन महिन्यांत, मग त्यांचे उत्तर एका महिन्यात, मग सुनावणी, आणि ती कधी लागेल ते कुणाला सांगता येत नाही. मी त्यांच्या वकिलांना फोन केला. माणूस सरळ होता. त्यांची भीती एकच होती: आज मसाला, उद्या ‘उखळमाय’ आटा.

ताई म्हणाल्या, “आटा मला करायचाच नाही. पण त्यांनी पण मसाल्यात येऊ नये.”

हे वाक्य माझ्या डोक्यात आले नव्हते. मी फक्त आम्ही काय सोडायचे ते मोजत होतो. ताईंनी उलटी मागणी केली आणि तीच कराराचा कणा झाली. आम्ही या नावाने पीठ, रवा, बेसन आणि धान्याची मिश्रणे विकणार नाही. ते त्यांच्या ‘उखळ’ असलेल्या नावाने मसाले आणि चटण्या विकणार नाहीत. चित्रातले उखळ आमचे वेगळ्या आकाराचे राहील. ‘धान्याची मिश्रणे’ या शब्दांवर दोन आठवडे ताणाताणी झाली, कारण भाजणी त्यातच येते. ती सोडवता आली नाही. कंपनीचा धंदाच तो होता.

ऑगस्टमध्ये सह्या झाल्या. सप्टेंबरात विरोध मागे घेतला गेला.

निष्पत्ती

ऑक्टोबरात, सुनावणीनंतर चौदाव्या महिन्यात, प्रमाणपत्राची प्रत मुलाच्या मेलवर आली. नोंदणी मूळ अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांसाठी. तालुक्यातल्या नक्कल करणाऱ्याला प्रमाणपत्रासह नोटीस गेली. त्याने उखळाचे चित्र काढून टाकले, लाल पाऊच ठेवला. रंगावर भांडायचे नाही असे ताईंनी ठरवले.

भाजणीला सासूबाईंचे माहेरचे नाव दिले आणि त्यासाठी वेगळा अर्ज केला. लोणचे मुळात वर्ग २९ मध्ये येते, ते पहिल्या अर्जात कधी नव्हतेच. त्याचाही अर्ज सोबत केला.

वेगळे काय करता आले असते

ई-मेलची चूक मोठी होती आणि ती माझी होती. वकीलपत्र बदलले की काम झाले असे मी धरून चाललो. आता नवीन फाइल हाती घेताना संकेतस्थळावर अर्जाच्या पानावर छापलेला ई-मेल मी आधी वाचतो. चार महिन्यांची मुदत संपल्यावर एकदाच स्थिती पाहणेही पुरेसे नव्हते. शेवटच्या दिवसांत दाखल झालेला विरोध दिसायला वेळ लागतो, म्हणून पुढचे सहा आठवडे दर सोमवारी पाहतो.

पण मला जास्त खुपते ते दुसरे. अधिकाऱ्यांनी यादी मर्यादित करा म्हटले तेव्हा मी ‘पीठ आणि धान्यापासूनचे पदार्थ’ ही अख्खी ओळ खोडली. ती खोडायची गरज नव्हती. भाजणी मूळ यादीतल्या ‘धान्यापासूनचे पदार्थ’ या शब्दांत बसत होती. त्या ओळीच्या जागी ‘थालीपिठाची व चकलीची भाजणी’ एवढेच ठेवता आले असते. तेही छाटणेच होते, वाढवणे नव्हते. अधिकारी मान्य करते की नाही, आणि कंपनी त्यावर गप्प बसती की नाही, हे वेगळे. निदान करारावेळी आमच्या हातात काहीतरी असते आणि ते सोडण्याच्या बदल्यात काही मागता आले असते. सात मिनिटांत ते सुचले नाही हे समजण्यासारखे आहे. पण त्यानंतर नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत मी कलम ९ चा युक्तिवाद तीनदा घासूनपुसून घेतला, ज्यावर अधिकाऱ्यांची हरकत तशीही विरत चालली होती. ताईंनी विचारलेला भाजणीचा प्रश्न मात्र मी उत्तर देऊन मिटवून टाकला होता.

आणखी एक. कलम ११(४) प्रमाणे आधीच्या चिन्हाच्या मालकाने संमती दिली तर निबंधक नोंदणी करू शकतात. कंपनीशी जे बोलणे मी विरोधानंतर केले ते सुनावणीच्या आधीच, बारा दिवसांत, सुरू करता आले असते. ती कंपनी बोलायला तयार होती हे पुढे दिसलेच. आपण बोललो तर उगाच कंपनीला जाग येईल, ही भीती मला तेव्हा वाटली होती. पण अशा कंपन्यांचे वकील जर्नलवर नजर ठेवून असतात. आम्ही गप्प राहिल्याने काही लपून राहिले नाही.

भाजणीच्या अर्जाचा परीक्षण अहवाल गेल्या महिन्यात आला. मेल थेट सुनेच्या फोनवर वाजली. हरकत एकच आहे, कलम ९ ची: नाव आडनावासारखे वाटते. उत्तराचा मसुदा ताईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी मालाची यादी पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावली. पहिला शब्द ‘भाजणी’ असल्याचे ऐकून मगच सही केली.